मार्चच्या ऑस्करची यादी ऑगस्टमध्ये: सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा अंदाज कसा बांधावा

ऑस्करचा सोहळा मार्चमध्ये असतो, पण 'यंदा सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण' याच्या याद्या आदल्या ऑगस्टपासूनच फिरू लागतात. त्यातले निम्मे सिनेमे तोवर कुणी पाहिलेलेही नसतात. त्यामुळे बरेच जण या प्रकाराला हवेतल्या गप्पा समजतात, आणि बऱ्याच याद्या असतातही तशाच. तरी सिनेमा न पाहता बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. त्यासाठी मत कोण देणार, ते कसं मोजलं जाणार आणि सिनेमा त्या मतदारापर्यंत कोण पोहोचवणार, एवढं पाहावं लागतं. अभिनय किती उंचीचा आहे हे त्यानंतर, सिनेमा बघून ठरवू.

पद्धत समजायला पूर्ण झालेला हंगाम बरा, म्हणून मी इथे २०२४ च्या सिनेमांचा हंगाम घेतो. २ मार्च २०२५ च्या सोहळ्यात एड्रियन ब्रोडीला 'द ब्रुटलिस्ट'साठी पुरस्कार मिळाला. त्याच्यासमोर टिमथी शालमे ('अ कम्प्लीट अननोन'), राल्फ फाइन्स ('कॉन्क्लेव्ह'), कोलमन डोमिंगो ('सिंग सिंग') आणि सबॅस्टियन स्टॅन ('द अप्रेंटिस') होते. गंमत म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये 'द ब्रुटलिस्ट'ला अमेरिकेत वितरकसुद्धा नव्हता.

एक नव्हे, दोन निवडणुका

नामांकन आणि विजय यांचे मतदार वेगळे आणि मोजणीही वेगळी. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

अभिनयाची नामांकनं फक्त ॲकॅडमीची, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेची, अभिनेत्यांची शाखा ठरवते. ही तिथली सगळ्यांत मोठी शाखा, साधारण तेराशे सभासदांची. प्रत्येक जण पसंतीक्रमाने पाच नावं लिहितो. मोजणी आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत होते तशाच धर्तीची: कोटा ठरतो, पहिल्या पसंतीची मतं मोजली जातात, तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. पाच जागा असल्या की कोटा एकूण मतपत्रिकांच्या एक-षष्ठांशाहून किंचित जास्त निघतो. समजा १३०० जणांनी मतदान केलं, तर कोटा २१७ चा.

याचा अर्थ नीट बघा. २१७ जणांनी ज्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं, तो आत गेला. उरलेल्या हजाराहून जास्त लोकांनी त्याचा सिनेमा अर्ध्यात बंद केला असेल तरी काही बिघडत नाही. उलट, सगळ्यांनाच 'चांगलं काम केलंय हो' वाटलेला आणि म्हणून सगळ्यांनीच चौथ्या-पाचव्या क्रमांकावर टाकलेला नट पहिल्या काही फेऱ्यांतच गळू शकतो. नामांकनाला जिवाभावाचे चाहते लागतात. डोनाल्ड ट्रम्पची तरुणपणीची भूमिका केलेला स्टॅन स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेच्या पुरस्कार-यादीत नव्हता, तिथे 'क्विअर'साठी डॅनियल क्रेग होता. ऑस्करच्या पाचांत मात्र स्टॅन आला आणि क्रेग राहिला. ॲकॅडमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे नेमकं काय झालं ते कुणी सांगू शकत नाही. पण मोजणीची ही रीत माहीत असली की असल्या निकालाने माणूस दचकत नाही.

दुसरी फेरी अगदी निराळी. तिथे सगळे सुमारे दहा हजार सभासद मत देतात: छायाचित्रकार, संकलक, वेशभूषाकार, प्रसिद्धी सांभाळणारे, सगळे. एकाच नावावर खूण करायची आणि ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकला. पाच जणांत मतं फुटली तर पंचवीस-तीस टक्क्यांवरही बाजी मारता येते.

म्हणून ऑगस्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन वेगळे रकाने हवेत: 'पाचांत येईल का' आणि 'जिंकेल का'. बहुतेक याद्या या दोन्हींची खिचडी करतात आणि फसतात.

कच्ची यादी

सुरुवातीला पंचवीसेक नावं जमवा. जागा ठरलेल्या आहेत. जानेवारीतला सनडान्स आणि फेब्रुवारीतला बर्लिन महोत्सव होऊन गेलेला असतो, मे महिन्यातलं कान होऊन गेलेलं असतं, आणि ऑगस्टच्या अखेरीस व्हेनिस, टेल्युराइड व टोरांटो यांचे कार्यक्रम जाहीर झालेले असतात. शिवाय महोत्सवांना न जाता थेट नाताळात येणारे मोठ्या स्टुडिओंचे सिनेमे वेगळे शोधावे लागतात. 'अ कम्प्लीट अननोन' त्यातलाच, तो २५ डिसेंबर २०२४ ला लागला.

मागच्या वर्षी महोत्सवात दाखवलेले पण थिएटरात न लागलेले सिनेमे लोक हमखास विसरतात. 'सिंग सिंग' टोरांटोला सप्टेंबर २०२३ मध्ये दाखवला गेला आणि प्रदर्शित झाला जुलै २०२४ मध्ये. ऑस्करसाठी वर्ष मोजलं जातं ते अमेरिकेतल्या ठरावीक शहरांत झालेल्या किमान सात दिवसांच्या प्रदर्शनावरून, महोत्सवावरून नाही.

महोत्सवातल्या अभिनयाच्या बक्षिसांना किती भाव द्यायचा? माझ्या मते, बेताचाच. कानचं बक्षीस २०११ मध्ये 'द आर्टिस्ट'साठी घेतलेल्या झाँ द्युजार्दांने पुढे ऑस्करही घेतलं, हे खरं. पण २०२४ मध्ये कानला जेसी प्लेमन्स आणि व्हेनिसला व्हँसाँ लांदाँ जिंकले आणि दोघेही ऑस्करच्या पाचांत दिसले नाहीत. ज्युरी आठ-दहा जणांची असते, त्यांची आवड ती त्यांची. त्यापेक्षा महोत्सवानंतर सिनेमा कुणी विकत घेतला हे बघणं जास्त उपयोगाचं.

चाळणी

पंचवीस नावांतून बारा-तेरावर यायचं, तर आधी वितरक बघा. पुरस्कारांची मोहीम हा खर्चिक उद्योग आहे: मतदारांसाठी खास खेळ, प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम, जाहिराती, नटाला महिनोन् महिने शहरोशहरी फिरवणं. वितरक नसेल तर नाव यादीत ठेवा, पण कंसात. १ सप्टेंबर २०२४ ला 'द ब्रुटलिस्ट' व्हेनिसला दाखवला गेला, ब्रॅडी कॉर्बेटला दिग्दर्शनासाठी रौप्य सिंह मिळाला आणि लगेचच ए-ट्वेंटी-फोर या कंपनीने तो अमेरिकेसाठी घेतला. कंस काढायचा तो क्षण हा. मध्यंतर धरून २१५ मिनिटांचा, युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या हंगेरियन ज्यू वास्तुविशारदाचा हा सिनेमा कुणी अंगावर घेईल का, हीच खरी शंका होती.

पण एवढ्यावर थांबू नका. त्याच कंपनीकडे आणखी कोण आहे तेही बघा. त्या वर्षी ए-ट्वेंटी-फोरकडे ब्रोडी होताच, शिवाय डोमिंगो, क्रेग, 'हेरेटिक'मधला ह्यू ग्रँट आणि 'अ डिफरंट मॅन'मधला सबॅस्टियन स्टॅनही होता. एका घरातून पाच उमेदवार उभे राहिले की सगळ्यांवर सारखा पैसा लागत नाही. बर्लिनचा रौप्य अस्वल आणि गोल्डन ग्लोब स्टॅनने 'अ डिफरंट मॅन'साठी मिळवले, पण ऑस्करचं नामांकन आलं ते दुसऱ्याच, एका छोट्या वितरकाच्या 'द अप्रेंटिस'साठी. असा पेच असेल तर यादीत नटाचं नाव आणि सिनेमा दोन्ही लिहा, नुसतं नाव नको.

मग विभाग. नट मुख्य भूमिकेत लढणार की सहाय्यक? 'अ रिअल पेन'मध्ये दोन चुलतभाऊ जवळजवळ बरोबरीने पडद्यावर आहेत. जेसी आयझेनबर्गला मुख्य आणि कीरन कल्किनला सहाय्यक म्हणून उतरवलं, आणि कल्किन सहाय्यकमध्ये जिंकला. कंपनीचं म्हणणं मतदारांवर बंधनकारक नसतं, हेही लक्षात असू द्या. केट विन्स्लेटसाठी 'द रीडर'ची मोहीम सहाय्यक अभिनेत्रीची होती, मतदारांनी तिला मुख्यमध्ये टाकलं आणि ती जिंकलीही.

एकाच सिनेमातले दोन नायक मात्र शक्यतो एकत्र ठेवू नका. १९८४ च्या 'अमाडिअस'नंतर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या विभागात एकाच सिनेमातले दोघे नामांकित झालेले चार दशकांत दिसले नाहीत.

प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलली जाण्याचा धोका ज्याला आहे त्याच्यापुढेही खूण करा. चित्रीकरण उशिरा संपलेले सिनेमे सरळ पुढच्या वर्षात जातात आणि सोबत तुमचं पहिल्या क्रमांकाचं नावही घेऊन जातात.

भूमिकेचं वजन

आता उरलेल्या नावांचा क्रम लावायचा. इथे आकडेवारी मदत करते, पण ती दोरीसारखी गळ्यात बांधून घ्यायची नसते.

खरी होऊन गेलेली व्यक्ती साकारणं हा अजूनही सगळ्यांत बळकट मुद्दा आहे. २००४ ते २०२४ या एकवीस वर्षांच्या सिनेमांत तेरा विजेते खऱ्या माणसाच्या भूमिकेतले: रे चार्ल्स, ट्रुमन कपोटी, इदी अमीन, हार्वे मिल्क, राजा सहावा जॉर्ज, लिंकन, स्टीफन हॉकिंग, चर्चिल, फ्रेडी मर्क्युरी, ओपनहायमर आणि आणखी तिघे. यात राजकारणी आहेत, गायक आहेत, शास्त्रज्ञ आहेत. मतदाराकडे तुलनेला मूळ माणूस असतो, आणि त्यात दहा हजारांतल्या संकलकाला किंवा ध्वनिमुद्रकालाही 'काम कठीण होतं' हे लगेच कळतं. पण ब्रोडीचा लास्लो टोथ काल्पनिक होता आणि शालमेचा बॉब डिलन खरा. तरी ब्रोडी जिंकला.

का, हे शोधताना वय आठवतं. हा विभाग तरुणांच्या बाबतीत कंजूष आहे. तिशीच्या आत हा पुरस्कार मिळवणारा एकमेव नट म्हणजे खुद्द ब्रोडी, २००३ मध्ये 'द पियानिस्ट'साठी, वय २९. शालमेही मार्च २०२५ मध्ये २९ चाच होता. पंचविशी-तिशीतल्या नटाला 'पाचांत येईल' या रकान्यात बिनधास्त ठेवा, 'जिंकेल' या रकान्यात मात्र एक पायरी खाली उतरवा.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत सिनेमा येणार का, हे त्याहून महत्त्वाचं. २००९ पासून त्या विभागात पाचाहून अधिक नामांकनं होऊ लागली. तेव्हापासून २०२४ पर्यंत चित्रपटाचं नामांकन नसतानाही अभिनेत्याचा पुरस्कार दोघांनाच मिळाला: 'क्रेझी हार्ट'चा जेफ ब्रिजेस आणि 'द व्हेल'चा ब्रेंडन फ्रेझर. कारण साधं आहे, दहा हजार लोक आधी चित्रपटाच्या दहा नामांकनांतले सिनेमे बघतात. २०२५ मध्ये नियम आला की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले असले पाहिजेत. याने छोट्या सिनेमातल्या नटाला थोडा हात मिळावा.

राहिली 'थकबाकी', म्हणजे अमक्याला इतकी वर्षं मिळालं नाही, आता द्यायलाच हवं. या मुद्द्यावर माझा फारसा विश्वास नाही. १९८३ चा सोहळा आठवा. समोर पॉल न्यूमन होता, ज्याला तोवर एकदाही ऑस्कर मिळालं नव्हतं. पीटर ओटूल होता, सातव्या नामांकनासह. जॅक लेमन आणि डस्टिन हॉफमन होते. आणि पुरस्कार घेऊन गेला 'गांधी'चा बेन किंग्सले, सिनेमाच्या जगात तेव्हा जवळजवळ अनोळखी असलेला नट. (त्याच रात्री कोल्हापूरच्या भानू अथय्या वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.) स्पर्धेतलं ऑस्कर न्यूमनला पुढे १९८७ मध्ये मिळालं, ओटूलला आठ नामांकनांनंतरही नाही. फाइन्सलाही 'शिंडलर्स लिस्ट' आणि 'द इंग्लिश पेशंट'नंतर २०२५ मध्ये तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतावं लागलं. थकबाकी तेव्हाच कामी येते जेव्हा भूमिका आणि सिनेमा दोन्ही आधीच पुढे असतात, जसं २०१६ च्या सोहळ्यात डिकॅप्रिओच्या बाबतीत झालं.

वही

साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. रकाने असे: नट, सिनेमा, वितरक, प्रदर्शनाची तारीख, खरी व्यक्ती की काल्पनिक, चित्रपटाच्या यादीत येण्याची शक्यता, पाचांत, विजय, आणि शेवटचा रकाना 'कशामुळे बदलेन'. हा शेवटचा सगळ्यांत कामाचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रोडीची ओळ अशी दिसली असती: द ब्रुटलिस्ट, ए-ट्वेंटी-फोर, वर्षअखेर, काल्पनिक, चित्रपट: शक्यता दाट, पाचांत: होय, विजय: पहिल्या तिघांत, बदलेन जर मतदार लांबीला कंटाळल्याच्या बातम्या आल्या किंवा डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी दुसऱ्याला निवडलं. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कलने ब्रोडीलाच निवडलं, म्हणजे ओळ तशीच राहिली असती. जानेवारीत सिनेमातल्या हंगेरियन संवादांचे उच्चार सुधारायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याचा गदारोळ उठला. अशा वेळी 'कशामुळे बदलेन'मध्ये आधी काय लिहिलं होतं ते वाचावं. तिथे गदारोळाचा उल्लेख नसेल, तर एका आठवड्याच्या आरडाओरड्याने क्रम हलवू नये.

डिसेंबरपासून पुढे

समीक्षक संघांची बक्षिसं डिसेंबरच्या सुरुवातीला येऊ लागतात. त्यांचा उपयोग नावं चर्चेत ठेवण्यापुरता. हे मतदार ऑस्करचे नाहीत. २०२४ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने डॅनियल क्रेगला निवडलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

गोल्डन ग्लोबचे मतदार जगभरचे पत्रकार, ॲकॅडमीशी त्यांचा संबंध नाही. शिवाय तिथे नाट्यपूर्ण आणि विनोदी-संगीतमय असे दोन विभाग असल्याने दोन विजेते निघतात. बघायचं ते भाषण. लाखो लोकांसमोर, ऑस्करच्या नामांकनांचं मतदान तोंडावर असताना केलेलं दोन मिनिटांचं भाषण हा मोहिमेचा भाग असतो.

खरी माहिती मिळते ती स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड आणि बाफ्टा यांच्याकडून. गिल्डची नामांकनं दोन-अडीच हजार नटांची समिती ठरवते, विजेता मात्र लाखाहून जास्त सभासदांच्या मतांतून. २०२६ पासून हे पुरस्कार 'ॲक्टर अवॉर्ड्स' म्हणून ओळखले जातात. बाफ्टा ही ब्रिटनची चित्रपट ॲकॅडमी, पण तिचे कितीतरी सभासद ऑस्करच्या ॲकॅडमीतही आहेत. दोन्हींत फरक किती पडू शकतो हे 'गांधी'च्याच वेळी दिसलं होतं: रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा विभागून मिळालं, ऑस्करचं नामांकनसुद्धा नाही.

२००४ पासून २०१५ पर्यंतच्या सिनेमांत गिल्डचा विजेता आणि ऑस्करचा विजेता सलग बारा वर्षं एकच होता. त्यामुळे लोकांनी गिल्डला देव मानलं. मग तीनदा चुकामूक झाली. २०१६ च्या सिनेमांत गिल्डने डेन्झेल वॉशिंग्टनला दिलं, ऑस्कर केसी ॲफ्लेकला. २०२० च्या सिनेमांत गिल्डने दिवंगत चॅडविक बोसमनला दिलं, ऑस्कर ८३ वर्षांच्या अँथनी हॉपकिन्सला. २०२४ च्या सिनेमांत गिल्डने शालमेला दिलं, ऑस्कर ब्रोडीला. तिन्ही वेळा बाफ्टाचा विजेता ऑस्करचाच विजेता होता. ॲकॅडमीने २०१६ नंतर अमेरिकेबाहेरचे सभासद मोठ्या संख्येने घेतले आणि त्यांची आवड गिल्डपेक्षा बाफ्टाला जवळची असावी, असा माझा कयास. तरी २०२२ च्या सिनेमांत बाफ्टाने ऑस्टिन बटलरला दिलं होतं आणि ऑस्कर गिल्डच्या फ्रेझरला गेलं, तेव्हा बाफ्टालाही देव करू नये. दोन्ही एकाच नावावर आले तर निश्चिंत व्हा. वेगळे झाले तर ज्याचा सिनेमा चित्रपटाच्या शर्यतीत जास्त वर आहे त्याच्या बाजूने जा.

मतदान कधी बंद होतं?

हे तपासायला बहुतेक जण विसरतात. २०२५ मध्ये ऑस्करचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी चाललं. बाफ्टाचा सोहळा १६ फेब्रुवारीला होता, म्हणजे मतदान चालू असताना. गिल्डचा २३ तारखेला, म्हणजे पेटी बंद झाल्यावर पाच दिवसांनी. शालमेच्या त्या विजयाने एकही मत हललं असणं शक्य नव्हतं, तरी त्या आठवड्यात शेकडो लोकांनी आपली यादी बदलली. ॲकॅडमी हे वेळापत्रक आधीच जाहीर करते. वहीच्या पहिल्या पानावर मतदानाची शेवटची तारीख लिहा आणि त्यानंतरच्या बातमीवरून क्रम बदलायचाच असेल, तर ती बातमी मतदाराच्या मनातलं दाखवते आहे की फक्त गोंगाट वाढवते आहे, एवढं स्वतःला विचारा.

मित्रमंडळींत पैज लावणार असाल तर भारतीय वेळेचा घोळ आधीच मिटवा. नामांकनं लॉस एंजेलिसला पहाटे साडेपाचला वाचली जातात, तेव्हा आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सोहळा तिथे रविवारी दुपारी चारला सुरू होतो, इथे सोमवारी पहाटे साडेपाच. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात. सोहळा त्या दिवशी किंवा त्यानंतर असेल तर आपल्याकडे तो साडेचारला सुरू होईल. यादी बंद करण्याची वेळ रविवार रात्रीची ठरवा, नाहीतर सोमवारी उशिरा उठलेला एखादा मित्र विजेत्याचं नाव बघून मग पैज लावेल.